पितळेला गंज येत नाही

मी गंज बोलतोय. लोखंडावर तांबूस पापुद्रा चढतो तो गंज नव्हे. मी भांडं आहे, पितळेचं. नागपूरच्या पूर्वेला कोणत्याही घरात जाऊन "गंज आण" म्हणा, घरातली बाई उभ्या कडांचं, रुंद तोंडाचं भांडं तुमच्यापुढे आणून ठेवील. तुम्ही त्याला पातेलं म्हणत असाल, बघोणं म्हणत असाल. आमच्याकडे त्याला गंज म्हणतात. एवढी साधी ओळख एका माणसाला नव्हती, म्हणून एका बाईचं आयुष्य नासलं. आणि ज्यांना ती होती त्यांनी तोंड उघडलं नाही, याचा धक्का अजून ओसरत नाही.

सांगतो ते ऐकीव नाही. मी तिथे होतो. जे घडलं ते माझ्या पोटात घडलं.

माझा जन्म भंडाऱ्याचा. सकाळ झाली की तिथल्या गल्ल्यांतून ठोक्यांचा आवाज सुरू व्हायचा तो दिवस मावळेपर्यंत. यादोराव नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. त्याचं लक्ष हातोडीपेक्षा आवाजाकडे असे. "भांडं बोलते," तो म्हणायचा, "कुठं पातर झालं ते सांगते. आयकनारा पायजे." पुढे माझ्यावर जो प्रसंग आला त्यात ऐकणारा एकही नव्हता.

मी तयार झालो तेव्हा आतून-बाहेरून पिवळा होतो. मग आला टेकचंद कल्हईवाला. त्याने जमिनीत खड्डा करून भट्टी लावली, भाता हलवला, मला लाल होईस्तो तापवलं, नवसागर टाकला. पांढऱ्या धुराचा लोट उठला. त्यात त्याने कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवली. बाहेरून सोनं आणि आतून चांदी असा मी झालो.

सुलोचनाबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात आंदण दिलं, तेव्हा टेकचंदने नव्या नवरीला बजावलं होतं, "माय, यात वरन शिजव, भात शिजव. पन आतलं पांढरं गेलं का आंबट घालू नोको. ताक नाही, चिंच नाही, लिंबू नाही. कल्हई म्हंजे याची लाज हाये. लाज गेली का हा विष देते."

सुलोचनाबाई चौथी शिकलेली होती. पण हे वाक्य तिला कोणत्याही धड्यापेक्षा पक्कं पाठ झालं. वर्षातून दोनदा ती मला टेकचंदकडे न्यायची. कढी करायच्या आधी मला दारात उन्हाकडे तोंड करून धरायची, आत डोकावून पाहायची आणि मगच ताक ओतायची.

तिचा नवरा ईश्वर ट्रक चालवायचा. लाखनीजवळच्या मोहाच्या दारूच्या भट्टीवरून पिऊन परतताना तो गावतलावात पडला. कंबरभर पाण्यात माणूस बुडला. त्यानंतर सुलोचनाबाई लाखनीतल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. चाळीस मुली होत्या. तिच्या हाताला चव होती आणि चवीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विश्वास होता. लग्नकार्यातही तिलाच बोलावणं यायचं. "सुलोचनाबाईच्या हातचं हाये," एवढं म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा दोन घास जास्त जेवायची.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली गावातल्या महिला मंडळाने ती भट्टी बंद पाडली. मंडळाच्या अध्यक्ष होत्या राइस मिलचे मालक भैय्याजी यांच्या पत्नी कौशल्याबाई. भट्टीची मडकी फोडायला सगळ्यांत पुढे होती ती सुलोचनाबाई. पुरुष हसले, चिडले आणि काही दिवसांनी धानाच्या तुसाच्या ढिगाआड लपूनछपून पिऊ लागले. तो ढीग भैय्याजींच्याच मिलमागे होता.

पुढच्या वर्षी फाल्गुनात भैय्याजींच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. मुलीकडचे नागपूरचे. भैय्याजींना मोठी पार्टी द्यायची होती.

"बिना दारूची पार्टी?" ते म्हणाले. "लोक पुसतील, भैय्याजीच्या घरी सुतक हाये का म्हून."

"साक्षगंध पोराचं हाये का दारूचं?" कौशल्याबाई म्हणाल्या. "माह्या अंगनात एक थेंब आला तं मंडळाच्या साऱ्या बाया घेऊन मांडवातच बसीन. मंग दाखवा व्याह्याले."

भैय्याजींनी तोड काढली. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांनी फळांचं पेय पाहिलं होतं. "काचेचं हे एवढं मोठं घंगाळ. त्यात लाल-पिवळं पेय, वर फळं तरंगते, फुलं तरंगते. दारू नाही, पन दारूपेक्षा ऐट भारी. तसं पायजे."

"घंगाळात? पेते का आंघोळ करते?" कौशल्याबाई म्हणाल्या, आणि सुलोचनाबाईला बोलावणं गेलं.

मंडळाच्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सुलोचनाबाईने शब्द दिला. "असं करून देईन का पिनाऱ्याले दारूची आठोन नाही होनार. नाही झालं तं मंडळात तोंड नाही दाखवनार." बाया हसल्या, टाळ्या वाजल्या. बाई मात्र हसण्यावारी बोलली नव्हती. मी तिला वीस वर्षं ओळखत होतो.

काचेचं घंगाळ लाखनीत कुठून येणार? "माह्याजवळ गंज हाये. वीस शेर मावते," ती म्हणाली. आदल्या दिवशी टेकचंद मिलसमोर भट्टी लावून बसला होता. तिने त्याच्याकडून माझी कल्हई मुद्दाम नवी करून घेतली.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी तिने ते पेय कसं केलं, ते मला सांगू द्या. तिच्या कामात खोट शोधणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

संत्री तिने एकेक हाताने सोलली. पांढरा धागा कडू लागतो म्हणून फोडीफोडीवरून काढला. रस मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला. लिंबं, आल्याचा रस, वेलची घातलेला साखरेचा पाक. रात्रभर भिजवलेल्या पळसफुलांचं पाणी वाटीभर, फक्त रंगासाठी. वैनगंगेच्या रेतीतली पहिली टरबुजं आली होती, त्यांच्या तिने चांदण्या कापल्या. डाळिंबाचे दाणे, पुदिन्याची पानं, गुलाबाच्या पाकळ्या वेगवेगळ्या वाट्यांत झाकून ठेवल्या. संत्र्याच्या साली उकलून कमळं केली. हे सगळं तिने मातीच्या दोन कोऱ्या माठांत मिसळलं. चमचाभर जिभेवर ठेवून पाहिलं, डोळे मिटले आणि स्वतःशीच मान हलवली. वसतिगृहातल्या मुली वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून आरशापुढे उभ्या राहायच्या, तशी दिसत होती ती.

मला तिने कोरडा पुसून मांडवातल्या टेबलावर ठेवलं. अकरा वाजता तिला मुलींच्या संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी जायचं होतं. जाताना तिने मिलचा हमाल श्रावण याला सांगितलं, "श्रावणभाऊ, मी आल्याबिगर माठातलं गंजात टाकू नोका. वेळेवर टाकाचं, वरून गोळीसोडा फोडाचा अन् वाढाचं. सोडा बसला का मजा नाही राहत."

"हो व बाई. जा तू बिनघोर."

ती गेली. अर्ध्या तासाने भैय्याजी आले. त्यांनी माझ्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय बे? जर्मन?"

जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. गरिबाच्या घरातलं भांडं.

"कल्हई हाये जी. कालच टेकचंदनं केली," श्रावण म्हणाला.

"कल्हई असो का फल्हई, दिसते तं जर्मनच! व्याही काय म्हनतील? राइस मिलचा मालक अन् जर्मनच्या गंजात पाजते? घास याले आतून. बाहेरून सोनं दिसते तसं आतून दिसलं पायजे."

"पन जी, आंबट जाईन त्यात."

"तू डाक्टर होऊन राहिला का? दोन घंट्यांत काय होते?"

श्रावण चाळिशीचा माणूस, तीन लेकरांचा बाप. त्याला कळत होतं. त्याने मला विहिरीवर नेलं, लोखंडी उलथण्याने आतून खरवडलं, मग विटेची भुकटी, रेती आणि चिंच लावून काथ्याने तासभर घासलं. पाण्याबरोबर राखाडी चिखल वाहून गेला. ती माझी लाज होती. एका दिवसाचीही झाली नव्हती.

मी आतून झळझळीत पिवळा झालो. भैय्याजी खूश. भंडाऱ्याहून फोटोवाला आला होता. ऊन लख्ख आहे तोवर फोटो काढायचा म्हणून त्यांनी माठ माझ्यात रिते करायला लावले. तुसात पुरून आणलेला बर्फ फोडून घातला, कमळं सोडली, पाकळ्या उधळल्या. माझ्या काठावर हात ठेवून ते उभे राहिले आणि फोटो निघाला. खोटं कशाला बोलू, मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. केशरी रसातून तळाचं सोनं चमकत होतं. लाल चांदण्या डुलत होत्या. येणारा-जाणारा थांबून बघत होता.

तेव्हा एक वाजला होता. पेय वाढलं गेलं साडेपाचला.

साडेचार तास! आंबट रस उघड्या पितळेला काय करतो हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागावं? इथलं पोरगंही "कळकलं" हा शब्द ऐकत मोठं होतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, ते गुरालाही देत नाहीत. रस मला चावत होता. माझं तांबं सुटून त्यात उतरत होतं, आणि त्या मांडवात शंभर माणसं माझं रूप वाखाणत होती.

सुलोचनाबाई पाच वाजता आली. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती.

"टाकलं काहून? मी आल्यावर टाकाचं म्हनलं होतं ना!"

"फोटो काढाचा होता," श्रावण खाली बघत म्हणाला.

"सोडा नाही फोडला ना?"

"नाही."

"मंग ठीक हाये."

तिने माझ्याकडे पाहिलं. पण काय पाहिलं? वर नुकताच पुन्हा घातलेला बर्फ, पाकळ्या, पुदिना, कमळं. तिच्याच हातांनी केलेल्या सजावटीने माझा तळ तिच्यापासून झाकला होता. तिने सोड्याच्या बाटल्या फोडल्या, फेस उसळला, पोरं नाचली. मला जीभ असती तर मी त्या क्षणी किंचाळलो असतो. श्रावणला जीभ होती.

नागपूरचे पाहुणे वरठी स्टेशनवर उतरून जीपने आले होते. मुलीच्या आईने, सत्यभामाबाईंनी, पहिला ग्लास घेतला. "अहो, असं तर आमच्या नागपुरातही मिळत नाही!" त्या म्हणाल्या. कौशल्याबाईंनी सुलोचनाबाईकडे पाहिलं. सुलोचनाबाईने पदर तोंडावर धरला, आनंदाने.

एक म्हातारे मामाजी जीभ चाटत म्हणाले, "गोड हाये. पन तोंडात पैसा चोखल्यावानी लागते."

"पैसेवाल्याचं पेय हाये, मामाजी! पैसाच लागन!" कोणीतरी म्हणालं आणि मांडव हसला.

पोरं दोन-दोन, तीन-तीन ग्लास प्यायली.

पंधरा-वीस मिनिटं गेली. आधी एक मुलगी मांडवाच्या खांबाला धरून ओकली. मग तिचा भाऊ. मग सत्यभामाबाई. मग एकदम सगळीकडे. जरीच्या साड्या, पाटावरची फळं, होणाऱ्या नवरीची ओटी, सगळ्यावर. माणसं पोट धरून जमिनीवर बसली. हमरस्त्यावर एक बांबूचा ट्रक अडवला, बांबू उतरवले आणि त्यात पोरं घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात धाडली.

आणि त्याच वेळी तुसाच्या ढिगाआडून चारपाच पुरुष धडपडत आले. ते तिथे मोहाची पीत बसले होते आणि मध्येच येऊन पेयाचे ग्लासही रिचवून गेले होते. तेही मांडवात ओकले. मोहाच्या दारूचा वास मांडवभर पसरला.

"दारू! पेयात दारू हाये!" कोण ओरडलं ते कळलं नाही. पण पुढचं वाक्य त्या पिणाऱ्यांतल्याच एकाने म्हटलं, ते मी नीट ऐकलं. "बिना दारूचं म्हून आमाले दारू पाजली या बाईनं! भट्ट्या फोडते अन् लेकराईले मोहाची पाजते!"

तोंडाला मोहाचा भपकारा मारणारा माणूस हे बोलला. आणि लोकांनी ते मानलं.

सुलोचनाबाई पुढे आली. माझ्यात खोल डाव बुडवून तिने ग्लास गच्च भरला.

"पाहा सारे. मी पेतो. मंग माह्या तोंडाचा वास घ्या. दारूचा आला तं मले याच मांडवात झोडपा."

"नोको पिऊ," श्रावण पुटपुटला. कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

तिने घटाघटा ग्लास रिकामा केला. उभी राहिली. "घ्या वास! या ना समोर!" कोणी आलं नाही. उपाशी पोट होतं तिचं. थोड्या वेळात तिचा चेहरा पांढराफटक पडला, तिने दोन्ही हातांनी माझा काठ धरला आणि ती टेबलाच्या कडेला वाकून ओकली.

"पाहा, चढली!" कोणीतरी हसलं.

हसलं! एक बाई विष पिऊन स्वतःचा खरेपणा दाखवत होती आणि माणसं हसली. मी पितळ आहे, मला काळीज नाही असं समजलं जातं. मला त्या दिवशी वाटलं, ते तिथे कोणालाच नव्हतं.

ती माझा काठ धरून मान वर करत होती, तेव्हा तिची नजर आत गेली. बर्फ विरला होता, रस तळाला उरला होता. आतून मी पिवळाधमक. तिने माझ्या अंगावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"कल्हई," ती म्हणाली. "माह्या गंजाची कल्हई कोनं काढली?"

तिचा आवाज ट्रकच्या हॉर्नमध्ये बुडाला. पण चौघांनी तो ऐकला. श्रावणने, भैय्याजींनी, कौशल्याबाईंनी आणि मी.

कोणी मेलं नाही, एवढीच देवाची कृपा. एक लहान मुलगी दोन दिवस सलाईनवर होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं: पेय ज्या भांड्यात ठेवले ते भांडे तपासावे. शहाण्या माणसाचं एक वाक्य. त्याचं पुढे काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी चौकशीला तालुक्याच्या कचेरीतून साहेब आले. साताऱ्याकडचे, बदलीवर नुकतेच आलेले. ते यायच्या आत भैय्याजींनी श्रावणकडून मला राखेने लख्ख घासून घेतलं होतं. मिलच्या ओट्यावर टेबल मांडलं. सुलोचनाबाईला खाली बसवलं.

"बोला बाई. काय मिसळलंत त्यात?"

"काही नाही मिसळलं, साहेब. गंजामुळं झालं हे."

"गंज? कसला गंज? त्यात लोखंड होतं का काही?"

"नाही जी. पितळेचाच."

साहेबांनी लेखणी थांबवली. "पितळेचा गंज?"

"हो जी. पितळेचाच गंज. तो गंज आतून पांढरा पायजे होता. तो पिवळा होता. पांढरा असता तं कोनाले काही झालं नसतं."

"बाई, पितळेला गंज येत नाही. चौथीतलं पोरगं सांगेल. आणि पांढरा गंज, पिवळा गंज, हे काय लावलंय? आणा ते भांडं इकडे."

मला आणलं. साहेबांनी मला उजेडाकडे फिरवलं, आत बोट घातलं, बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं. त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "भांडे तपासले. गंज नाही. बाईचे म्हणणे खोटे व विसंगत."

"साहेब, हाच गंज! तुमच्या हातात हाये तोच! याची कल्हई..." ती उठून उभी राहिली.

"खाली बसा. शुद्धीवर आहात का अजून?"

त्या ओट्यावर सात माणसं होती. सातही याच मातीतली. गंज म्हणजे काय हे सातही जणांना जन्मापासून ठाऊक. साहेबांना फक्त इतकं सांगायचं होतं: "साहेब, इकडे गंज म्हणजे भांडं." पाच शब्द. भैय्याजी बशीतून चहा पीत राहिले. खरं बाहेर आलं तर नागपूरचे व्याही सोयरीक मोडतील ही भीती त्यांना होती. श्रावणची नोकरी मिलमध्ये होती. बाकीचे मिलवर धान भरडायला येणारे. आणि कौशल्याबाई? ज्या बाईबरोबर भट्टीची मडकी फोडली, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग ओट्याच्या फरशीकडे पाहत राहिल्या. मुलाचं लग्न होतं त्यांच्याही.

"बाई, तुमीच सांगा," सुलोचनाबाई त्यांना म्हणाली, "गंज म्हंजे काय ते सांगा साहेबाले."

"आता कायले वाढवतं, सुलोचना," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं."

मी अनेक घाव सोसले आहेत. मला घडवलंच घावांनी. पण त्या वाक्याइतका खोल घाव माझ्या अंगावर दुसरा नाही.

अहवाल गेला: पेयात मादक अथवा अपायकारक पदार्थ मिसळला असण्याची शक्यता, तयार करणारी बाई समाधानकारक खुलासा करू शकली नाही. त्या कागदावर वसतिगृहाने तिला काढून टाकलं. मंडळात ती गेली नाही, कोणी बोलवायलाही आलं नाही. वर्षाच्या आत मंडळ मोडलं आणि मोहाची भट्टी जुन्या जागीच पुन्हा पेटली. ती धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आणि निंदणाला जाऊ लागली. बांधावर बाया शिदोऱ्या सोडायच्या तेव्हा भाजीची देवाणघेवाण चालायची, पण तिच्या भाजीला कोणी हात लावत नसे. ज्या हाताची चव गावाला ठाऊक होती, त्या हातचं कोणी खाईना.

ती स्वस्थ बसली असं समजू नका. महिनाभर हिंडून तिने टेकचंदला आंबागडला गाठलं. म्हातारा सायकल हाणत आला, कचेरीत उभा राहिला. "आदल्या दिवशी मी स्वतः कल्हई केली, साहेब. ते काढल्याबिगर असं होतच नाही." अहवाल वर गेला आहे, आता काही होणार नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं. साहेबांचीही बदली झाली होती.

मला मात्र पुरावा म्हणून कचेरीच्या एका खोलीत ठेवलं. माझ्या कानाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली: "पितळी भांडे, नग १, गंजरहित." गंजाच्या गळ्यात गंजरहित! त्या चिठ्ठीखाली मी आठ वर्षं काढली. बुरशी आली, उंदीर आले, माझ्यात जुन्या फायली कोंबल्या.

एकोणीसशे सत्याऐंशीच्या चैत्रात खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. ज्याची वस्तू त्याला परत. कचेरीतले कारकून श्यामराव यांनी सुलोचनाबाईला बोलावणं धाडलं. ती आली. केस पांढरे झाले होते, हात रोवण्याच्या चिखलाने फाटले होते. माझ्यातल्या फायली तिने स्वतःच उचलून बाजूला ठेवल्या आणि पदराने मला पुसलं.

"सही करा, बाई. का अंगठा?" श्यामराव म्हणाले.

"सही. आना कागद." तिने बोट ठेवून वाचलं. "पितळी भांडे, नग एक, गंजरहित, मिळाले." ती थांबली. "हे कोनं लिवलं?"

"जुन्या कागदावर हाये तसंच लिवाव लागते." श्यामरावांनी फाइल उघडली. ते लाखनीचेच. तिचा जबाब वाचायला त्यांना मिनिटही लागलं नाही. एका ओळीवर त्यांचं बोट अडलं. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"बाई... तुमी गंज म्हनल्या ते... हा गंज?"

"मंग काय म्हनलं होतं मी?"

"अन् साहेबानं..." त्यांनी माझ्या कानाची चिठ्ठी हातात घेतली. "बाप्पा! आठ वर्सं हा कागद इथं पडून हाये अन् कोनी वाचला नाही?"

"तुमी पन इथंच होते ना जी?"

श्यामरावांनी पावती पुढे ओढली. ते म्हणाले, "मी पावतीवर गंज लिवून देतो. पितळेचा गंज एक. माह्या सहीनं."

"अन् वरचा कागद? त्यातलं 'बाईचे म्हणणे खोटे'?"

"त्यावर साहेबाची सही हाये. त्यातला काना बदलाचा मले अधिकार नाही. फार तं वर लिवून पाठवीन."

"मंग सही नाही."

"अहो, न्या ना बाई. तुमच्या बापानं देलेला हाये."

"मालूम हाये कोनं देला ते." तिने माझ्या काठावरून हात फिरवला, जिथे तिचं नाव कोरलेलं आहे तिथे थोडा वेळ ठेवला. "याले नेलं का तुमचं काम खतम. कागद गठ्ठ्यात, गठ्ठा माळ्यावर. राहू द्या इथंच. हा इथं हाये तोवर तुमाले उत्तर देनं बाकी हाये."

आणि ती निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी म्हणतो, बरं केलं.

श्यामरावांनी वर लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. मला खोलीतून काढून त्यांनी आपल्या टेबलाजवळ खिडकीत ठेवलं आहे. येणारा विचारतो, "हा गंज इथं कायले जी?" मग ते फाइल काढून दाखवतात. काही जण वाचून हसतात. काहींचं तोंड उघडं राहतं. त्यांतले काही लाखनीचेच असतात, आणि त्यांना त्या साक्षगंधाला आपण काय बोललो होतो ते आठवतं.

वाचकहो, माझी भट्टी पेटवा, मला पुन्हा चांदीचा करा, माझ्यात कुणाच्या तरी घरचं वरण शिजू द्या, अशी माझी फार इच्छा आहे. भांड्याला दुसरं काय हवं असतं? पण ती विनंती मी आज करत नाही. आज एवढंच मागतो की ज्याच्या हातात अधिकार असेल त्याने इथे यावं, तो कागद वाचावा आणि तिच्या नावापुढचं ते एक वाक्य खोडावं. तुम्ही त्या ओट्यावरच्या सातांपैकी असाल तर अधिकाराचीही गरज नाही. पाच शब्द येऊन सांगा.

तोवर मी इथून हलायचा नाही. माझ्या मालकिणीने नाही म्हटलं आहे.